लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा स्कीइंगला: पिस्टचे किलोमीटर सोडा, दारापासूनचे मीटर मोजा

तुम्ही विचारलंय की मुलगी ७ वर्षांची, मुलगा नुकताच ४ पूर्ण झालाय, तुम्ही दोघंही आजवर कधी स्कीवर उभे राहिलेला नाहीत, हातात ६ दिवस आहेत आणि ३०० किलोमीटर पिस्टवालं (पिस्ट म्हणजे स्कीइंगसाठी आखून तयार केलेला उतार) मोठं रिसॉर्ट घ्यावं की एखादं लहानसं, हे काही ठरत नाहीये. मी गेले १७ सीझन ३ ते ८ वयाच्या मुलांना स्कीइंग शिकवतेय, माझी स्वतःची दोन्ही मुलंही याच वयात शिकली, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

लहान घ्या. ३०० किलोमीटरपैकी तुम्ही चौघं ६ दिवसांत दोन-तीन किलोमीटर वापराल आणि पैसे मात्र सगळ्याचे भराल. तुम्ही मोजायचंय ते वेगळंच, राहण्याच्या जागेच्या दारापासून मुलांच्या शिकायच्या उतारापर्यंत किती मीटर चालायचंय ते. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण सकाळचं चित्र डोळ्यासमोर आणा, पायात ते जड कडक बूट, ज्यात घोटा वाकतच नाही, खाली निसरडं, तुमच्या खांद्यावर स्वतःच्या आणि दोन मुलांच्या स्कीज, धाकटा म्हणतोय उचलून घे, आणि क्लास ९ वाजता सुरू होतोय. १०० मीटर असेल तर निभावतं. ५०० मीटर असेल तर क्लास सुरू व्हायच्या आधीच मूल दमलेलं असतं, घामाने आतून ओलं झालेलं असतं, आणि मग उभं राहिल्यावर तोच घाम थंड पडतो. माझ्याकडे रडत येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचं रडणं स्कीइंगचं नसतंच, ते वाटेतल्या चालण्याचं असतं.

जाहिरातीत 'दारातून थेट स्कीइंग' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. दारातून जी पिस्ट जाते ती शिकाऊंची आहे का हे विचारा, कारण दारासमोर लाल, म्हणजे शिकाऊंना न झेपणारी पिस्ट असेल तर तिचा तुम्हाला काहीच उपयोग नाही, उलट तुम्हाला बूट घालून वळसा घेऊन जावं लागतं. शिकायची जागा कशी असावी तर जवळजवळ सपाट, खाली भरपूर मोकळी जागा म्हणजे ब्रेक नाही लागला तरी स्की आपोआप थांबते, कुंपण घातलेली म्हणजे वरून वेगात येणारे लोक मध्ये घुसत नाहीत, आणि मॅजिक कार्पेट असलेली. मॅजिक कार्पेट म्हणजे बर्फावर टाकलेला सरकता पट्टा, मूल स्की घालून त्यावर नुसतं उभं राहतं आणि वर पोचतं. ४ वर्षांच्या मुलासाठी ही सगळ्यात महत्त्वाची लिफ्ट. जिथे फक्त दोरीला धरून किंवा दोन पायांत बटण अडकवून ओढत नेणारी लिफ्ट आहे तिथे एवढ्या लहान मुलाची सगळी ताकद वर जाण्यातच संपते.

इथेच रंगांचं एक सांगून टाकते कारण यात लोक फसतात. युरोपात सोप्याकडून कठीणकडे निळा, लाल, काळा असा क्रम, आणि फ्रान्ससारख्या काही देशांत निळ्याच्याही खाली हिरवा. उत्तर अमेरिकेत हिरवा गोल सर्वात सोपा, निळा चौकोन मध्यम आणि काळा हिरा कठीण. म्हणजे युरोपात निळ्यावर शिकलेला माणूस अमेरिकेत 'निळीच तर आहे' म्हणत मुलांना घेऊन गेला तर त्याला चांगलाच उतार लागतो. शिवाय हे रंग त्या त्या रिसॉर्टपुरतेच खरे, एका ठिकाणची निळी दुसरीकडच्या लाल पिस्टइतकी उभी असू शकते. पहिल्या आठवड्यात तुम्ही इन्स्ट्रक्टर सांगेल त्याच उतारावर राहा.

उंचीचाही विचार करा आणि तो झोपायच्या जागेच्या उंचीचा. २५०० मीटरच्या वर झोपायचं असेल तर विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यता वाढते आणि ४ वर्षांचं मूल 'माझं डोकं दुखतंय' असं नीट सांगत नाही, ते किरकिर करतं, जेवत नाही, नीट झोपत नाही, उलटी करतं, आणि आपण समजतो प्रवासाचा शीण असेल. अशी लक्षणं दिसली तर आणखी वर जायचं नाही, आणि वाढायला लागली तर खाली उतरायचं, वाट बघत बसायचं नाही. पहिल्या खेपेला मी १२०० ते १८०० मीटरवर राहण्याची जागा सांगते. त्याहून खाली गेलं तर बर्फाची खात्री कमी होते, त्यामुळे विचारून घ्या की खाली बर्फ कमी पडला तर मुलांचा उतार कुठे हलवतात, काही ठिकाणी वर डोंगरावर दुसरी शिकाऊ जागा असते आणि गोंडोल्याने, म्हणजे तारेवरच्या बंद डब्यातून, मुलांना वर नेतात. गोंडोल्यात कानात दडे बसतात, तेवढ्यापुरतं काहीतरी चघळायला किंवा घोटभर प्यायला द्या.

कधी जायचं? उत्तर गोलार्धात म्हणाल तर जानेवारीत गर्दी कमी पण दिवस लहान आणि थंडी कडक, फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्या म्हणून गर्दी, आणि मार्चमध्ये दिवस मोठा, ऊन असतं, थंडी सोसवते. लहान मुलांसाठी माझी पसंती मार्चचा पहिला-दुसरा आठवडा. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवायची की मार्चमध्ये रात्री गोठलेला बर्फ सकाळी कडक असतो आणि दुपारनंतर तो पाणावतो, जड होतो, त्यात लहान मुलांच्या स्की अडकतात, म्हणून सकाळी साधारण साडेनऊ ते बारा हाच चांगला वेळ. दक्षिण गोलार्धात जाणार असाल तर जून ते सप्टेंबर हा सीझन असतो, तिथेही हाच न्याय, शेवटाकडचे आठवडे मुलांना सोपे.

आता बुकिंगचा क्रम, इथे जवळपास सगळे उलटं करतात. आधी विमान, मग हॉटेल, आणि शेवटी 'तिथे गेल्यावर क्लासचं बघू'. तुम्ही आधी स्की स्कूलला विचारा की त्या आठवड्यात ४ वर्षांच्या मुलाच्या गटात जागा आहे का, कारण सगळ्यात आधी भरतात ते हेच गट. जागा पक्की झाली की तिथून चालत जाता येईल अशी राहायची जागा शोधा, मग प्रवास. प्रवासात विमानतळापासून गाडीने दीड-दोन तासांपेक्षा जास्त घाटरस्ता नको, वळणावळणांवर मुलांना उलट्या होतात, आणि गाडी ठरवताना मुलांच्या सीट हव्यात हे लेखी कळवा.

स्की स्कूलला काय विचारायचं ते सांगते. या वयाच्या एका गटात किती मुलं असतात, कारण ६ पर्यंत छान, ८ ठीक, त्यापुढे एका इन्स्ट्रक्टरला पडलेल्यांना उचलण्यातच वेळ जातो. इन्स्ट्रक्टर कोणती भाषा बोलतो, कारण मुलाला शब्द नाही कळला तरी चालतं, हावभावाने शिकतं ते, पण 'शू लागली' एवढं तरी त्याला सांगता आलं पाहिजे आणि समोरच्याला कळलं पाहिजे. आत बसायला गरम खोली आहे का, मध्ये सुट्टी किती वेळाची. बहुतेक ठिकाणी ३ किंवा ४ वर्षांपासून घेतात पण घेतात म्हणजे शिकतात असं नाही, ३ वर्षांचं मूल बहुतेक वेळ बर्फात खेळतं आणि तेच बरोबर आहे. ४-५ ला खरं शिकणं सुरू होतं, आणि ७ वर्षांची तुमची मुलगी धाकट्यापेक्षा दुपटीने वेगाने पुढे जाईल, त्यामुळे दोघांना एकाच गटात टाकायचा हट्ट करू नका, 'ताई असली की तो रडणार नाही' हे खरं नाही, ताईचा मात्र आठवडा वाया जातो.

धाकट्यासाठी फक्त सकाळचा दोन-अडीच तासांचा क्लास घ्या, पूर्ण दिवसाचा नको. मुलीसाठीही पहिले तीन दिवस सकाळचाच, मग तिची इच्छा असेल तर वाढवा. आणि तिसऱ्या दिवसाचं आधीच ठरवून ठेवा. पहिल्या दिवशी नवलाई असते, दुसऱ्या दिवशी उत्साह असतो, तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात, झोप साठलेली असते, आणि सकाळी 'मी जाणारच नाही' सुरू होतं. हे मी दर आठवड्याला बघते, अगदी घड्याळ लावल्यासारखं. त्या दिवशी दुपार पूर्ण मोकळी ठेवा, झोपवा, गरम पाण्याने अंघोळ घाला, बर्फाचा माणूस करा. घसरगाडी न्यायची असेल तर तिथेही डोक्यावर हेल्मेट असू द्या, तिला ब्रेक नसतात आणि मुलं डोकं पुढे करून झोपतात त्यावर.

सोडताना मूल रडलं तर मिठी मारा, कधी न्यायला येणार ते त्याला कळेल असं सांगा ('खाऊच्या सुट्टीनंतर थोडं खेळलं की मी आलेच'), आणि निघा. कुंपणाआडून डोकावत थांबू नका. तुम्ही दिसलात की गेलेलं रडू परत येतं, आणि तुम्ही दिसेनासे झाल्यावर बहुतेक मुलं दहा मिनिटांत शांत होतात.

आता बूट. एवढ्या सगळ्यात मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी बुटांबद्दलच सांगेन. मुलाला स्कीइंग आवडतं की नाही हे डोंगरावर ठरत नाही, भाड्याच्या दुकानातल्या बाकावर ठरतं. स्की बूटचा नंबर सेंटीमीटरमध्ये असतो, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात, म्हणजे पाऊल १८ सेंटीमीटर असेल तर बूट १८ च्या आसपासचा. घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर पाऊल आखा, दोन्ही पायांचं, मोठं असेल ते धरा. दुकानात बुटाच्या आतला मऊ भाग बाहेर काढायला सांगा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात मुलाचा पाय ठेवा, बोटं पुढे टेकवा, आणि टाचेमागे बोट घालून बघा. लहान मुलाला दीड ते दोन सेंटीमीटर जागा मिळाली तर उत्तम. तीन सेंटीमीटर म्हणजे मोठा बूट, आणि मोठा बूट घट्ट बुटापेक्षा वाईट, कारण आत टाच उचलली जाते, मूल पाय वळवतं आणि स्की वळतच नाही, मग दुकानदार बकल आवळून देतो आणि त्याने पोटरीचं रक्त अडतं. 'पुढच्या वर्षीही होईल' हा हिशेब इथे करायचा नाही, भाड्यानेच तर घेताय.

मोजे एकच जोड. परत लिहिते, एकच जोड, पातळ, लोकरीचे किंवा सिंथेटिक, गुडघ्यापर्यंत येणारे. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन मोजे चढवणारे आईवडील मला दर सोमवारी भेटतात आणि त्याच मुलांचे पाय सगळ्यात आधी गार पडतात, कारण बूट आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, वर दोन मोज्यांच्या सुरकुत्यांनी फोड येतात. थर्मलची पँटही बुटात खोचायची नाही, ती बुटाच्या वरच संपली पाहिजे, बुटात फक्त मोजा. मूल 'दुखतंय' म्हणालं की बूट काढून आत हात फिरवा, दहापैकी सात वेळा मोज्याची घडी किंवा नडगीवर आलेली शिवण सापडते. आणि रात्री बूट गाडीत किंवा बाहेर ठेवू नका, गार प्लास्टिक इतकं कडक होतं की सकाळी त्यात पायच जात नाही. आतला भाग ढिला करून खोलीत वाळवा, हीटरला चिकटवून मात्र नाही.

स्कीची लांबी शिकाऊ मुलासाठी छातीपासून हनुवटीपर्यंत, त्याहून लांब नको. पोल या वयाला द्यायचेच नाहीत, हातात काठ्या आल्या की लक्ष काठ्यांकडे जातं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी यंत्रणा, तिचं सेटिंग मुलाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि येतं किती यावरून ठरतं. म्हणून वजन अंदाजे सांगू नका, निघायच्या आठवड्यात मोजून लिहून न्या, जास्त सांगितलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि पाय पिळवटतो. स्वतः स्क्रू फिरवायचा नाही. दुकानात आदल्या संध्याकाळी जा, सकाळी रांग असते आणि रांगेत घाई होते.

हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि मोजे एवढं विकत घ्या, स्कीज आणि बूट भाड्याने, जॅकेट-पँट कुणाकडून मिळाली तर बघा, मुलं वर्षात वाढतात. हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० हे मानक लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या. इटलीत २००५ पासून १४ वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं होतं २०२२ पासून ते १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लागू झालं आणि नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्याच वयांना. तुम्ही जाल तिथे सक्ती असो-नसो, हेल्मेट हवंच. पट्टा न लावता हेल्मेट घालून मुलाला मान हलवायला सांगा, हेल्मेट कपाळावर सरकलं तर मोठं आहे. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं. आत लोकरीची टोपी घालू नका, फारच थंडी असेल तर पातळ कापडी टोपी. आणि गॉगलची वरची कड हेल्मेटला भिडली पाहिजे, मधे कपाळ उघडं राहिलं तर तिथे वारा लागून मुलाचं डोकं ठणकतं.

गॉगल हौस म्हणून नाही. दर १००० मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे खालूनही ऊन लागतं. डोळ्यांची जळजळ लगेच कळतच नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री, मूल डोळे चोळत रडायला लागतं. ढगाळ असलं तरी गॉगल, आणि एसपीएफ ५० चं क्रीम नाकाखाली, हनुवटीखाली, कानांच्या पाळ्यांना, दर दोन तासांनी. हेल्मेट आणि गॉगल निघायच्या आधी महिनाभर घरात रोज पंधरा मिनिटं घालायला द्या, टीव्ही बघताना घाला म्हणावं. पहिल्या दिवशी नवीन गोष्टी जितक्या कमी तितकं बरं.

कपड्यांचं थोडक्यात: अंगाला सुती काही नको, ओलं झालं की वाळत नाही. आत मेरिनो किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, वर वॉटरप्रूफ. खांद्यांवर पट्ट्या असलेली डांगरी पँट घ्या म्हणजे पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही, पण तिच्यामुळे शू करायला वेळ लागतो, तर बूट घालायच्या आधी बाथरूम हा नियमच करा. बोटांचे हातमोजे नकोत, एकच अंगठावाले मिटन हवेत, त्यात बोटं एकमेकांना ऊब देतात, आणि एक जोड कायम तुमच्या खिशात जादा. मफलर नको, गळ्यात घालायची कापडी नळी घ्या, लोंबणारं काहीही लिफ्टमध्ये अडकतं. आणि हवामान बघताना वारा बघा, उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं, अशा दिवशी दर पाऊण तासाला आत यायचं. गालावर पांढरट डाग दिसला तर लगेच आत, उबदार तळहात ठेवून गरम करायचं, चोळायचं नाही.

यावरून आठवलं, काही जण याहून लहान बाळाला पाठीवर कॅरिअरमध्ये घेऊन स्कीइंग करतात. करू नका. तुम्ही हालचाल करता म्हणून तुम्हाला ऊब येते, बाळ नुसतं लटकलेलं असतं, पाय पट्ट्यांनी आवळलेले असतात आणि ते गारठतं तेव्हा आवाजही करत नाही, झोपलंय असं वाटतं. शिवाय तुम्ही न पडलात तरी कोणी मागून येऊन धडकू शकतं.

तुम्ही दोघांनी स्वतःचा क्लास घ्याच, त्याच वेळेत, मुलांचा चालू असताना. मुलांना तुम्ही शिकवायचं नाही, चांगलं स्कीइंग येत असतं तरी हेच म्हटलं असतं. मुलं आईवडिलांकडे आली की रडतात, इन्स्ट्रक्टरकडे ऐकतात. दुपारी त्यांच्याबरोबर अर्धा-पाऊण तास कार्पेटवर जा, त्यांनी शिकलेलं तुम्हाला दाखवू द्या. स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकलेली याला मुलांच्या भाषेत 'पिझ्झा' म्हणतात, तो ब्रेक, आणि दोन्ही समांतर म्हणजे 'फ्रेंच फ्राईज', ते सरळ जाणं. तुम्हीही तेच शब्द वापरा, 'पाय फाकव, गुडघे वाकव' अशा पाच सूचना एकदम नकोत. टोकं जोडून ठेवणारी रबरी क्लिप मिळते, धाकट्याला एखाद-दोन दिवस लावायला हरकत नाही, त्यापुढे नको. मागून दोरीने धरायचा पट्टा मला पटत नाही, मूल त्या दोरीवर मागे रेलतं आणि नेमकी तीच सवय नंतर मोडावी लागते. मुलाला स्वतःच्या दोन पायांमध्ये घेऊन घसरणं तर अजिबात नको, तुम्ही पडलात की त्याच्या अंगावरच पडता.

आता जे सांगतेय ते लिहिताना मला अजूनही त्रास होतो. माझी मुलगी ५ वर्षांची असताना, आठवड्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी साडेतीनला ती म्हणाली दमले, आणि मी म्हटलं एक शेवटची, मग घरी. उजेड सपाट झाला होता, उतारावरचे उंचवटे दिसत नव्हते, बर्फ जड होता. ती अगदी हळू चालली होती, स्की अडकली, शरीर फिरलं आणि पाय तिथेच राहिला. नडगीचं हाड मोडलं. मुलांमध्ये स्कीइंगचं हे ठरलेलं फ्रॅक्चर आहे, बहुतेक वेळा वेगात नाही तर दमलेलं असताना आणि हळू पडताना होतं. बाइंडिंग बरोबर होतं, बूट बरोबर होते, चूक होती ती माझ्या 'शेवटच्या एका'ची. तेव्हापासून मी हा शब्द तोंडातून काढत नाही आणि पालकांनाही काढू देत नाही. मुलाने दमलो म्हटलं की तिथेच संपलं, तुम्ही कार्पेटच्या मध्यावर असलात तरी. आणि बऱ्याचदा मूल दमलो म्हणत नाही, ते उगाच बसतं, तीच चूक परत परत करतं, हातमोजा काढून टाकतं, ही तीच खूण समजा.

चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवर लटकणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर, पहिल्या तीन दिवसांत जायची गरजच नाही. नंतर मुलगी क्लासबरोबर जाईल, तेव्हा लक्षात असू द्या की युरोपात बऱ्याच ठिकाणी १.२५ मीटरपेक्षा लहान मुलाला मोठ्या माणसाशेजारीच बसावं लागतं. एका मोठ्याबरोबर एकच लहान मूल हा माझा नियम. लिफ्ट चालवणाऱ्याला हात करून सांगा की वेग कमी कर, ते करतात, त्यांना सवय असते. मुलाची पाठ पूर्ण मागे टेकलेली, दांडा बसल्याबसल्या खाली, पाठीवर सॅक नाही. काही पडलं तर वाकायचं नाही, हातमोजा पडला तर पडू दे, हे आधीच घरी सांगून ठेवा. आणि तुम्ही स्वतः पिस्टवर असाल तेव्हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे १० नियम आहेत त्यातला एक तरी पाठ करा, खालच्या बाजूला जो आहे त्याचा हक्क आधी, वरून येणाऱ्याने वाट काढायची. थांबायचं असेल तर कडेला, चढावाच्या मागे किंवा अरुंद जागी नाही, कारण वरून येणाऱ्याला बसलेलं मूल दिसत नाही.

रोज सकाळी निघताना मुलांचा फोटो काढा, त्या दिवशीच्या जॅकेट-हेल्मेटसकट, हरवलं तर रंग आठवत नाहीत हो, सगळी मुलं सारखीच दिसतात. खिशात तुमचा फोन नंबर आणि राहण्याच्या जागेचं नाव लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. मुलीला सांगा, आम्ही दिसलो नाही तर खाली जायचं नाही, कडेला थांबायचं, आणि इन्स्ट्रक्टरचं जॅकेट घातलेल्या कुणालाही सांगायचं.

इन्शुरन्स घेताना हिवाळी खेळ आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टरसकट, त्यात आहे का हे शब्दशः वाचा, साध्या प्रवासाच्या पॉलिसीत बहुतेक वेळा नसतं. लिफ्ट पास सुरुवातीला फक्त शिकाऊ भागाचा घ्या, धाकट्याला अनेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र असतो, पण वयाचा पुरावा मागतात, पासपोर्टचा फोटो फोनमध्ये हवा.

राहिलं एक. समजा दुसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला मला नकोच, तर काय? आधी बूट, मोजे, थंडी, भूक, शू हे पाचही तपासा. ते सगळं ठीक असेल आणि तरीही नको म्हणत असेल तर एक दिवस सोडा, रागवू नका, पैसे गेल्याचं त्याच्यासमोर बोलू नका. कार्पेटच्या कडेला फावडं-बादली देऊन बसवा. मागे एक ४ वर्षांचा मुलगा तीन दिवस असाच कडेला बसून होता, बाकीच्यांना वर जाताना आणि खाली येताना बघत, आणि चौथ्या दिवशी स्वतः येऊन त्याने माझ्यापुढे पाय केला, की घाल बूट. तो कार्पेटवरून पहिल्या फेरीत न पडता खाली आला, कारण तीन दिवस डोळ्यांनी तेच शिकत होता. सगळीच मुलं अशी येतात असं नाही, काहींना पुढच्या वर्षीच जमतं. म्हणून बुकिंग करतानाच स्की स्कूलला विचारून ठेवा की मूल बसलंच नाही तर उरलेले दिवस खासगी तासात बदलून देता का, आणि उत्तर मेलवर घ्या.